जुनी मोटारसायकल, नवा चिमटा

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव लागते. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा मोटारसायकलींचा कारखाना येथे सुरू झाला आणि गावाचे नाव देशभरच्या गॅरेजांत पोहोचले. २००१ च्या नोव्हेंबरात बाजारात आलेल्या पल्सरच्या मालिकेतील गाड्या येथे बनू लागल्या. केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीची २०० ड्यूक ही गाडी २०१२ च्या जानेवारीत भारतात आली, तीही याच कारखान्यातून. कारखान्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे आले. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना जवळच्या कुरुळीत आहे, तर ब्रेकसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा चाकणमध्ये. मोटारसायकलीचे पुढचे चाक धरणारी आणि ते थांबवणारी यंत्रणा जिथे मोठ्या संख्येने तयार होते, असा हा पट्टा आहे.

याच पट्ट्यातल्या छोट्या गॅरेजांत आणखी एक उद्योग चालतो. घरात वडिलांची किंवा काकांची जुनी आरएक्स १००, येझदी, राजदूत नाहीतर बुलेट असते. इंजिन ठणठणीत असते, पण पुढचा ड्रम ब्रेक धरत नाही. मग अपघातात मोडलेल्या एखाद्या पल्सरचा पुढचा भाग भंगारातून आणायचा, म्हणजे शॉकअप, टी, चाक, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असा सगळा संच, आणि तो जुन्या गाडीच्या मानेत बसवायचा. काम एका दिवसात होते. आपल्या शाळेतील मोठी मुले किंवा आयटीआयमध्ये गेलेले माजी विद्यार्थी हे काम करत असतील किंवा अशा गाडीवरून फिरत असतील, ही शक्यता बरीच आहे.

इथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. जे काम गॅरेजात एका दिवसात होते, ते करायला मोटारसायकलीच्या कारखान्यांना साठ-सत्तर वर्षे का लागली? याचे उत्तर शोधताना चिमटा आणि ब्रेक यांचा इतिहास तर कळतोच, शिवाय जुन्या गाडीला नवा चिमटा लावताना नेमके काय सांभाळले पाहिजे, तेही कळते.

ताठ चिमट्यापासून तेलाच्या नळ्यांपर्यंत

सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा भाग म्हणजे चिमटा. पहिल्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या आणि त्यांचा चिमटाही सायकलीसारखाच ताठ होता. वेग वाढला तसे खड्ड्यांचे धक्के थेट हातात बसू लागले. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिमट्याला स्प्रिंग आली. सांध्यांवर हलणाऱ्या पट्ट्या आणि वरच्या बाजूला एक स्प्रिंग, अशा रचनेचे चिमटे पुढे तीसेक वर्षे सर्रास वापरात होते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड स्कॉट यांनी १९०८ च्या सुमारास एका नळीत दुसरी नळी सरकणारा चिमटा आपल्या गाडीला लावला होता. मात्र स्प्रिंगचे हेलकावे शमवण्याची सोय त्यात नव्हती.

स्प्रिंग धक्का झेलते, म्हणजेच धक्क्याची ऊर्जा साठवते. ती ऊर्जा कुठेतरी खर्च झाली नाही तर गाडी वरखाली डुलत राहते. ती खर्च करण्याचे काम तेल करते. नळीतील तेल लहान छिद्रांतून जबरदस्तीने जाऊ लागले की घर्षणाने त्याची उष्णता होते आणि हेलकावे थांबतात. स्प्रिंग आणि तेल यांची अशी जोडी असलेला दुर्बिणीसारखा चिमटा जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ या गाड्यांना दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रचना जगभर रूढ झाली. आपल्या ओळखीच्या बुलेटला, येझदीला आणि आरएक्स १०० ला जे पुढचे शॉकअप आहेत, ते याच घराण्यातले.

ड्रम आणि डिस्क

ब्रेकचा इतिहासही तितकाच जुना आहे. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी १९०२ मध्ये मोटारीसाठी ड्रम ब्रेक वापरात आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना दोन्ही चांगल्या होत्या, पण लँचेस्टर यांच्या काळी डिस्कला दाबणारे पॅड तांब्याचे असत. ते कर्कश किंचाळत आणि लवकर झिजत. घर्षण सोसणारे योग्य द्रव्य मिळेपर्यंत डिस्कला वाट पाहावी लागली. विमानांच्या चाकांना ती उपयोगी पडली आणि १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हा सर्वांचे लक्ष तिच्याकडे गेले. दुचाकीत १९६२ च्या लँब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला केबलने चालणारी डिस्क होती. १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीपासून तेलाच्या दाबावर चालणारी पुढची डिस्क मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारसायकलीवर आली.

ड्रमपेक्षा डिस्क चांगली का? थोडे गणित करून पाहू. गाडी आणि चालक मिळून २०० किलो वजन ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने जात आहे. गतिज ऊर्जा होते साधारण २७,८०० ज्यूल. थांबताना जवळजवळ ही सर्व ऊर्जा उष्णतेत बदलते. एक किलो लोखंडाला ती सगळी दिली तर त्याचे तापमान एका थांबण्यात ५५ ते ६० अंशांनी वाढेल. घाटात लागोपाठ पाच-सहा वेळा ब्रेक दाबला की काय होईल, याचा अंदाज आता करता येतो.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो. त्याचा व्यास वाढतो, म्हणजे आतल्या लायनरपासून तो दूर सरकतो. लिव्हर जास्त ओढावा लागतो आणि ब्रेक मऊ पडतो. डिस्क तापली की तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या दिशेने सरकते. शिवाय डिस्क उघड्या हवेत असल्याने लवकर थंड होते, आणि पावसाचे पाणी तिच्यावर टिकत नाही. ड्रममध्ये शिरलेले पाणी मात्र पहिल्या काही दाबांत लायनरला घसरवते. पावसाळ्यात हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

भारतातला उलटा प्रवास

आपल्याकडे हा इतिहास सरळ रेषेत घडला नाही. यामाहाच्या आरडी ३५० या जपानी गाडीला सत्तरच्या दशकात पुढे डिस्क ब्रेक होता. तीच गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून भारतात राजदूत ३५० या नावाने बनवली, तेव्हा खर्च कमी करण्यासाठी डिस्क काढून ड्रम बसवण्यात आला. त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर इतकी वेगवान गाडी दुर्मीळ होती, आणि तिलाच मागच्या पिढीचा ब्रेक मिळाला. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली आरएक्स १०० ही तर सुमारे शंभर किलोंची चपळ गाडी. तिलाही पुढे ड्रमच होता. ऐंशीच्या दशकात एनफिल्डच्या फ्यूरी १७५ ला डिस्क मिळाली, पण ती गाडी फार चालली नाही. १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची पल्सर यांच्यामुळे डिस्क आपल्या रस्त्यांवर सर्वसाधारण गोष्ट झाली.

म्हणजे जुन्या गाडीला डिस्क लावणाऱ्या तरुणाची भावना चुकीची नाही. कारखान्याने पैशासाठी टाळलेली गोष्ट तो करू पाहतो. राजदूत ३५० ला तिच्या जपानी बहिणीचा डिस्कवाला पुढचा भाग लावला, तर तो जवळजवळ तिच्यासाठीच बनलेला असतो. ज्या गाडीची मूळ रचनाच ड्रमसाठी झाली, तिला दुसऱ्या घराण्याचा चिमटा लावला की मात्र अडचणी सुरू होतात.

कडी मजबूत केली, की पुढची कडी ताणते

ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, हे आपण बसमध्ये उभे असताना अनुभवतो. वरच्याच गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि दोन चाकांतील अंतर १२५ सेंटिमीटर आहे असे धरू. वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होत असेल, तर पुढच्या चाकावर जास्तीचा भार येतो तो असा: २०० गुणिले ६ गुणिले ०.६, भागिले १.२५, म्हणजे ५७६ न्यूटन. सुमारे ५९ किलोंचे वजन मागच्या चाकावरून उचलून पुढच्यावर ठेवल्यासारखे झाले. दोन्ही चाकांवर शंभर-शंभर किलो होते, ते आता पुढे १५९ आणि मागे ४१ होते. मागच्या ब्रेकने मोटारसायकल का थांबत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पुढचा ब्रेक सुधारणे सर्वांत महत्त्वाचे का, याचेही.

पण हा भार आणि हे बल चाकावरच थांबत नाहीत. त्यांचा मार्ग पाहू: टायर, चाक, डिस्क, कॅलिपर, चिमट्याच्या नळ्या, टी, मानेतला कोन सेट आणि शेवटी चासी. ही एक साखळी आहे. डिस्क आल्यावर कारखान्यांना आढळले की पुढचा भाग पूर्वीपेक्षा जास्त दबतो, म्हणून ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी तो दबणे रोखणारे झडपांचे प्रकार करून पाहिले. मग नळ्या वाकतात असे दिसले, म्हणून त्या जाड झाल्या. नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर तिचा ताठपणा साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३० मिलिमीटरऐवजी ४३ मिलिमीटर व्यास घेतला तर तो सुमारे तिप्पट होतो. २०० ड्यूकचा चिमटा तर उलटा आहे. त्यात ४३ मिलिमीटरची नळी खाली असते आणि टीच्या पकडीत तिच्याहून जाड बाहेरची नळी असते, कारण वाकवणारे आघूर्ण टीपाशीच सर्वांत जास्त असते. चिमटा ताठ झाला, मग मान आणि चासी मजबूत करावी लागली. एकेक कडी मजबूत करत जाण्याचाच हा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. कारखान्यांना इतका वेळ का लागला, याचे उत्तर इथे मिळते.

गॅरेजात मात्र साखळीच्या पहिल्या चार-पाच कड्या एकदम नव्या होतात आणि उरलेल्या जुन्याच राहतात. ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या कडीवर जातो. गाडी नुसती उभी असताना तिचे वजन तिरप्या चिमट्याला पुढच्या दिशेने वाकवू पाहते. जोरात ब्रेक लावला की तोच चिमटा मागे वाकू पाहतो. म्हणजे मानेच्या जोडावरील ताण दर वेळी उलट-सुलट होतो. तार तोडायची असली की आपण ती मागे-पुढे वाकवतो, त्यातलाच हा प्रकार. तीस-चाळीस वर्षांच्या, आतून गंजलेल्या नळीच्या वेल्डिंगला हे नव्याने सोसावे लागते. त्यात नवी टी जुन्या मानेत बसावी म्हणून लेथवर बुश कापतात, एका टीचा स्टेम काढून दुसरीत ठोकतात, प्रसंगी वेल्डिंग करतात. सगळे बल ज्या एका दांड्यातून जाते, तोच दांडा असा जोडलेला असतो.

दोन आकडे, जे डोळ्यांना दिसत नाहीत

चिमट्याच्या वरच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंतील अंतराला ट्रेल म्हणतात. सामानाच्या ट्रॉलीचे लहान चाक जसे आपोआप मागे राहून सरळ धावते, तसे ट्रेलमुळे पुढचे चाक सरळ राहू पाहते. हे अंतर फार कमी झाले तर गाडी वेगात अस्थिर होते, फार वाढले तर हँडल जड होते.

समजा चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, चिमट्याचा कल उभ्या रेषेपासून २७ अंश आणि दांड्याच्या रेषेपासून चाकाचा ॲक्सल ५० मिलिमीटर पुढे आहे. त्रिज्येला २७ अंशांच्या साइनने गुणा, त्यातून ५० वजा करा आणि २७ अंशांच्या कोसाइनने भागा. उत्तर येते सुमारे ९७ मिलिमीटर. आता नवा चिमटा ३० मिलिमीटरने आखूड निघाला, तर गाडीचे नाक खाली येते, कल एका अंशाहून थोडा जास्त कमी होतो आणि ट्रेल ९० च्या आसपास येतो. उलट चिमट्याची लांबी तीच, पण नव्या टीमध्ये ५० ऐवजी ३५ मिलिमीटरचेच अंतर असेल, तर ट्रेल ११४ च्या जवळ जातो. टेप आणि कोनमापक असले की हे मोजता येते. नुसत्या डोळ्यांना मात्र दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

दुसरा आकडा मास्टर सिलिंडरचा. इथे पास्कलचा नियम कामाला येतो. लिव्हरवर १०० न्यूटन बल लावले आणि लिव्हरने ते सहापट केले, तर १२.७ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यामुळे तेलात सुमारे ४७ लाख पास्कल दाब तयार होतो. कॅलिपरचा दट्ट्या ३२ मिलिमीटरचा असेल, तर पॅडवर सुमारे ३,८०० न्यूटन बल येते. हाताचे बल अडतीसपट झाले. आता मास्टर सिलिंडर ११ मिलिमीटरचा लावला, तर दाब तिसऱ्या हिश्शाने वाढतो, पण लिव्हरही तेवढाच जास्त ओढावा लागतो. म्हणून कॅलिपर एका गाडीचा आणि मास्टर सिलिंडर दुसऱ्याच गाडीचा अशी सरमिसळ केली, तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही, किंवा हात लावताच चाक जाम होते.

स्प्रिंगचेही असेच आहे. पल्सर ही आरएक्स १०० पेक्षा तीसएक किलोंनी जड गाडी. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीला कडक पडते, आणि खड्ड्यात चाक जमिनीवर टेकण्याऐवजी उडते. हवेतल्या चाकाला कितीही चांगला ब्रेक असून उपयोग नाही.

शेवटचे प्रकरण मागेच राहते

साखळीची पहिली कडी म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. गाडी थांबवणाऱ्या बलाची कमाल मर्यादा तेच ठरवते. डिस्क लावल्याने रस्ता अधिक खडबडीत होत नाही. डिस्कमुळे मिळते ती खात्री आणि सहज नियंत्रण. मर्यादा ओलांडली की पुढचे चाक जाम होते, आणि पुढचे चाक जाम झालेली दुचाकी क्षणात आडवी होते. ड्रमच्या गाडीवर जोर लावून लिव्हर ओढायची सवय लागलेल्या हाताला हे पहिल्या पावसात कळते.

कारखान्यांनी यावरही उपाय शोधला. चाक जाम होऊ लागले की दाब आपोआप कमी-जास्त करणारी एबीएस ही यंत्रणा बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये मोटारसायकलीवर आणली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीची झाली, आणि त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस. आता अशा गाडीचा पुढचा भाग भंगारातून आणला, तर डिस्क आणि कॅलिपर येतात, पण चाकाचा वेग मोजून दाब सांभाळणारा मेंदू जुन्या चासीवर सहसा येत नाही. इतिहासातून आपण ताकद उचलतो, पण ती काबूत ठेवणारे शेवटचे प्रकरण भंगारातच राहते.

कायदाही लक्षात ठेवला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि नोंदणीपत्रावर असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. कारखान्याची प्रत्येक नवी रचना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासली जाते, तेव्हाच ती रस्त्यावर येते. गॅरेजातल्या रचनेची पहिली चाचणी भर रस्त्यात होते आणि ती चालवणारा आपल्या ओळखीचा असतो.

वर्गात काय करता येईल?

या विषयावर उपदेश करण्यापेक्षा मोजमाप करून घेणे बरे. शाळेच्या आवारातील सायकल पुरेशी आहे. दांड्याच्या रेषेत दोरा ताणून जमिनीवर खूण करा, ॲक्सलमधून ओळंबा सोडून दुसरी खूण करा आणि ट्रेल मोजा. वेगवेगळ्या सायकलींचे आकडे फळ्यावर लिहा. दोन वेगळ्या मापांच्या सिरिंज रबरी नळीने जोडून, त्यांत पाणी भरून बल आणि सरकण्याचे अंतर यांची देवघेव दाखवा. लोखंडी तार मागे-पुढे वाकवत किती वेळा वाकल्यावर ती तुटते ते मुलांना मोजू द्या. आधी तीच तार कानशीने किंचित खाचवली, तर आकडा किती खाली येतो, तेही पाहू द्या.

मग एखादा विद्यार्थी विचारील, "सर, आमच्या आरएक्सला डिस्क लावू का?" त्याला आधी हे विचारा: टायर किती जुना आहे? लायनर आणि केबल शेवटची कधी बदलली? ड्रम आतून गोल आहे की झिजून लांबट झालाय? कोन सेट ढिला आहे का? मानेच्या वेल्डिंगवर रंग खरवडून तडा पाहिला का? बऱ्याचदा नवे लायनर, नवी केबल, लेथवर गोल करून घेतलेला ड्रम आणि नवा टायर एवढ्यानेच ब्रेक कितीतरी सुधारतो, आणि त्यासाठी साखळीची कुठलीच कडी बदलावी लागत नाही. एवढे करूनही त्याला डिस्कच हवी असेल, तर नव्या चिमट्याची लांबी, ट्रेल आणि दट्ट्यांचे व्यास त्याने आधी कागदावर लिहून आणावेत, आणि त्या बदलाला परवानगी मिळते का हे आरटीओत विचारून यावे. भंगारवाल्याकडे जायचे ते त्यानंतर.